ड्रोन उड्डाणाची उंची (बीड जिल्हा)

हौसेखातर उडवलेल्या ड्रोनने जमिनीपासून किती वर जावे याची कायदेशीर मर्यादा, आणि ती पाळताना बीडच्या डोंगरपट्ट्यात व गावांत घ्यायची काळजी. केंद्र सरकारच्या ‘ड्रोन नियम, २०२१’ने आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन विभाग केले. हिरव्या विभागात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ किंवा वर जायचे तर तो पिवळा विभाग, तिथे परवानगी लागते. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाणच नाही. त्याआधी, २०१८ च्या नियमांत, पाव किलोपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला अवघे ५० फूट आणि दोन किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ला २०० फूट मुभा होती. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे जिल्ह्याचा बराचसा भाग हिरवा आहे. तरीही उडवण्यापूर्वी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा, कारण त्यातील रंग बदलतात.

१२० मीटर हा आकडा मनमानी नाही. विमाने व हेलिकॉप्टरे मोकळ्या प्रदेशावरून सामान्यतः ५०० फुटांखाली उडत नाहीत. मधले १०० फूट हे माणसे बसलेल्या यंत्रांसाठी मोकळे ठेवलेले अंतर आहे.

बीडमध्ये खरा घोटाळा होतो तो उंची मोजण्यात. नियमातली उंची ड्रोनखालच्या जमिनीपासून धरायची असते. रिमोटच्या स्क्रीनवर मात्र ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची उंची दिसते. यंत्र हवेच्या दाबावरून ती काढते आणि उड्डाणाची जागा शून्य मानते. गोदावरीकाठच्या सपाट गंगथडीत, गेवराई-माजलगावकडे, दोन्हींत फारसा फरक पडत नाही. बालाघाटाच्या कड्यावर पडतो. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी पठारावरून खाली दरीत कोसळते, तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या चित्रीकरणासाठी लोक वरच्या कड्यावरूनच ड्रोन सोडतात. दरी ७० मीटर खोल धरली, तर स्क्रीनवर १०० मीटर दिसत असताना ड्रोन दरीच्या तळापासून १७० मीटरवर असतो. नियम मोडलेला असतो आणि उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दरीतून उडवताना उलटा धोका असतो. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीजवळून ड्रोन डोंगराकडे नेला की स्क्रीनवरचा आकडा तोच राहतो, पण खालची जमीन वर चढत जाते आणि झाडांचे शेंडे जवळ येतात. ड्रोन धारेपलीकडे गेला तर रिमोटचा संपर्क तुटतो. मग ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर जाऊन आपोआप परत फिरतो. ही परतीची उंची आजूबाजूच्या सर्वांत उंच कड्याहून व झाडांहून अधिक लावलेली नसेल, तर तो सरळ डोंगरावर आदळतो. प्रत्येक नव्या ठिकाणी ती नव्याने लावावी. मागच्या गावची उंची या गावी चालत नाही.

पठारावरच्या पवनचक्क्या हा जिल्ह्याचा आणखी एक अडथळा. नव्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक १२० मीटरच्याही वर जाते, म्हणून ‘वरून काढून नेतो’ हा विचार इथे कायद्यात बसत नाही. वळसाच घ्यावा लागतो. फिरत्या पात्यांमागची हवा दूरवर घुसळलेली असते आणि हलका ड्रोन त्यात सावरत नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघालेल्या उच्चदाब तारा त्याहून फसव्या, कारण तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत आणि अडथळा ओळखणारे सेन्सरही त्या अनेकदा ओळखत नाहीत. तारा नजरेने शोधता येत नाहीत; मनोरे शोधावेत आणि दोन मनोऱ्यांमधली सगळी जागा बंद समजावी.

मर्यादेत राहिले की सुरक्षित, असेही नाही. निवडणुकीत आणि मोठ्या मेळाव्यांना नेते हेलिकॉप्टरने येतात, आणि उतरताना हेलिकॉप्टर ड्रोनच्याच उंचीवर असते. आवाज कानी पडताच ड्रोन खाली घ्यावा, चित्रीकरण अर्धवट राहिले तरी. यात्रेच्या गर्दीवर तर तो नेऊच नये. बॅटरी दगा देते तेव्हा खाली कोण उभे आहे हे ती पाहत नाही. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना उड्डाण नाही, आणि विणीच्या काळात मोरांवर ड्रोन नेणे हा निव्वळ छळ आहे.

हौशी वापरासाठी नॅनो व मायक्रो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे चित्रीकरण पैसे घेऊन केले की मायक्रोसाठी ते लागते; हा फरक अनेक छायाचित्रकारांना ठाऊक नसतो. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात बीडसह मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या पसरल्या. चोर टेहळणी करतात या भीतीने लोक रात्रभर जागून गस्त घालू लागले. ऊसतोडीला माणसे गेलेल्या वस्त्यांवर म्हातारी-पोरेच मागे राहतात. तिथे डोक्यावर लुकलुकणारा दिवा काय भीती घालतो हे उडवणाऱ्याने समजून घ्यायला हवे. त्यामुळे अंधार पडल्यावर गावावर हौसेचे उड्डाण करू नये आणि दिवसाही सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगावे. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतो. त्या काळात तिथे दहा फुटांवरचे उड्डाणही बेकायदा ठरते.