पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्यापूर्वी...

मीरा रोड, प्रतिनिधी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई व उपनगरांतील हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे किल्ली फिरवणे. नेमकी हीच चूक सर्वांत महागात पडते.

इंजिनाचे नुकसान कसे होते?

सिलिंडरमधील पिस्टन हवा दाबतो. पाणी मात्र दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या मार्गाने पाणी आत शिरले असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. त्यामुळे पाण्यात बंद पडलेली गाडी धक्का मारूनही सुरू करू नये.

मीरा-भाईंदर हे खाडी आणि मिठागरांलगतचे सखल शहर आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास नाल्यांचा निचरा मंदावतो व तुंबलेल्या पाण्यात खारे पाणी मिसळू शकते. खाऱ्या पाण्याने वायरिंगचे जोड लवकर गंजतात. अशी गाडी वाळेपर्यंत थांबणे योग्य नव्हे. ती त्वरित गॅरेजमध्ये न्यावी.

काय करावे?

* बॅटरीची ऋण बाजूची वायर काढावी. विजेवरील वा हायब्रीड गाडीच्या नारिंगी वायरींना हात लावू नये. सेवा केंद्राला बोलवावे.
* पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे.
* गाडी टो करून न्यावी. ऑटोमॅटिक गाडी शक्यतो ट्रकवर चढवूनच न्यावी.
* इंजिन ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. गिअर ऑइल, फिल्टर आणि ब्रेकही तपासून घ्यावेत.

विम्याचे काय?

केवळ थर्ड पार्टी विमा असल्यास स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुरामुळे झालेले नुकसान येते. परंतु बुडालेली गाडी सुरू केल्याने बिघडलेल्या इंजिनाचा दावा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे पूरक संरक्षण मिळते. त्याच्या अटी पावसाळ्यापूर्वीच वाचून ठेवाव्यात.

२६ जुलैला बंद मोटारींत अडकून काही जणांनी प्राण गमावले होते. पाणी वाढू लागल्यास विजेवर चालणाऱ्या काचा बंद पडण्याआधी त्या खाली कराव्यात आणि गाडी सोडून उंच जागी जावे.