कावेलमधली डॉ. व्हिएगस यांची पाटी

काळबादेवीतल्या कित्येक व्यापाऱ्यांच्या बिलांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर एका डॉक्टरचे नाव छापलेले असते. 'कावेल क्रॉस लेन, डॉ. व्हिएगस स्ट्रीट' असा तो पत्ता. हातगाडीवाल्याला विचारा, तो नुसते 'कावेल' म्हणेल आणि माल बरोबर जागी पोचवेल. हे डॉक्टर कोण, हे त्याला माहीत नसते आणि खरे सांगायचे तर दुकानदारालाही नसते. गल्ली अरुंद, वस्ती दाट आणि आत आरोग्यमातेचे जुने चर्च. एके काळी इथे ख्रिस्ती कुटुंबांचे गावठाण होते.

अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. जन्म १८५६चा. मुंबईत शिकून १८८० मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि त्यांनी मांडवीत दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामे, वर माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी आणि खाली तुंबलेली गटारे. उंदरांना यापेक्षा सुखाची जागा मुंबईत दुसरी नव्हती.

१८९६चा पावसाळा संपत आला आणि तिथे माणसे विचित्र तापाने दगावू लागली. कडक ताप, जांघेत किंवा काखेत कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. गोदामांतून मेलेले उंदीर निघत होते. हाँगकाँगमध्ये दोनच वर्षांपूर्वी प्लेगने थैमान घातले होते आणि तिथून येणाऱ्या बोटी मुंबईच्या धक्क्याला लागत होत्या. व्हिएगस यांनी रोगी तपासले, दोन आणि दोन चार केले आणि २३ सप्टेंबरला महापालिकेत सदस्य या नात्याने उघडपणे सांगून टाकले: मांडवीत आलेला आजार म्हणजे गाठीचा प्लेग आहे.

ही बातमी कोणालाच नको होती. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईच्या बोटी अडवणार, कापूस आणि धान्य धक्क्यावर पडून राहणार, हे शेठ-सावकारांना पक्के ठाऊक होते. एका देशी डॉक्टरच्या शब्दावर सरकार विसंबणार नव्हतेच. दुसऱ्या तज्ज्ञांकडून खातरजमा झाली, निदान खरे ठरले आणि मग धावपळ सुरू झाली. महापालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला संतापलेले गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले आणि हुकूम सैल करावा लागला. तोवर लोकांनी बिऱ्हाडे उचलून गावची वाट धरली होती. लाखो माणसांनी शहर सोडले आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरत गेला.

सरकारने जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढचे काम जास्त कठीण होते. सुईला भिणाऱ्या आणि सरकारवर विश्वास नसलेल्या माणसाने दंड पुढे करायला हवा होता. तिथे ओळखीचा डॉक्टर लागतो. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना स्वतः लस टोचल्याचे सांगितले जाते. घाणेरड्या वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी तर ते आधीपासूनच हात धुऊन मागे लागले होते. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. व्हिएगस यांचा रोख योग्य जागी होता, एवढे नक्की.

१९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्लेगने मुंबईचा नकाशाच बदलला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा आत यावी म्हणून दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले आणि त्यांना नावे मिळाली प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, सिडनहॅम रोड अशी. राजघराणे आणि गव्हर्नर यांची सोय झाली. ज्याने रोग ओळखला, त्याच्या वाट्याला प्रिन्सेस स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावरची ही कावेलची गल्ली आली. गंमत अशी की साहेबांच्या त्या पाट्या पुढे उतरल्या. प्रिन्सेस स्ट्रीट शामळदास गांधी मार्ग झाला, सँडहर्स्ट रोडला वल्लभभाई पटेलांचे आणि सिडनहॅम रोडला महंमद अलींचे नाव मिळाले. गल्लीला कोणी हात लावला नाही.

धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर, व्हिएगस यांचा पुतळाही उभा आहे. सिग्नल सुटायची वाट पाहताना त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. महापालिकेने आता एवढे करावे: कावेलमधल्या पाटीवर नावाखाली 'मुंबईतला प्लेग ओळखणारे डॉक्टर, १८९६' एवढी एक ओळ रंगवावी. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे.