उमेदवारीची परंपरा : नगरचा एक धडा

'उमेदवार' हा शब्द आजकाल बहुधा निवडणुकीच्या बातम्यांतच कानीं पडतो. आपल्या वडील पिढीच्या तोंडीं मात्र त्याचा अर्थ निराळा होता. कारखान्यांत, छापखान्यांत किंवा कचेरींत अल्प वेतनावर, प्रसंगीं बिनपगारीही, राहून काम शिकणारा तरुण तो उमेदवार, आणि त्याच्या शिकण्याचा काळ ती उमेदवारी. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. मराठींत तिला धीर आणि हुरूप यांचीही जोड मिळाली. काम शिकतां शिकतां माणसाच्या अंगीं जी उमेद येते, ती नुसत्या पदवीनें कां येत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर नगर जिल्ह्याच्या इतिहासांत शोधावें, हा या भाषणाचा हेतु आहे. हें नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें.

विजापूरच्या तटावरील 'मलिक-ए-मैदान' तोफ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. ती १५४९ सालीं, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानींत, नगर येथें ओतली गेली. लांबी सुमारें १४ फूट, वजन सुमारें ५५ टन. ओतणाऱ्या उस्तादाचें, महंमद बिन हुसेन रूमी याचें, नांव तिच्यावर कोरलेलें आहे. पण एवढी तोफ एकट्या उस्तादानें ओतली नसणार, हें सांगावयास नको. साचा घडविणारे, भट्टी राखणारे, धातूचा रस कोणत्या क्षणीं सोडावा हें रंगावरून ओळखूं लागलेले असे कितीतरी हात तेथें राबले असतील. त्या शागिर्दांचीं नांवें उरलीं नाहींत. हातांतून हातांत जाणाऱ्या विद्येचें हें बळही आहे आणि उणेपणही: ती पक्की असते, परंतु ग्रंथांत न उतरल्यामुळें उस्तादाबरोबर लोपूंही शकते.

साध्या धंद्यांतही हीच पद्धति होती. नगर, भिंगार आणि संगमनेर हीं विणकरांचीं जुनीं ठिकाणें. विणकराचें मूल आधीं कांड्या भरी, मग तुटलेला धागा सांधावयास शिके, आणि हात बसल्यावर मागावर बसे. त्याच्या ठिकाणीं आत्मविश्वास असे. मात्र तो घरच्या मागापुरता. गिरणीचें स्वस्त कापड बाजारांत आलें, तेव्हां बापाकडून मिळालेलें कसब अपुरें पडूं लागलें आणि नवें शिकविणारा घरांत कोणी नव्हता.

सरकारनें १८५० सालीं उमेदवारीचा कायदा केला खरा. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, धन्याकडे कराराने बांधून धंदा शिकवावा, एवढाच त्याचा आवांका होता. मूल पोटाला लागावें ही त्यांतील दृष्टि. त्याची बुद्धि वाढावी हा विचार त्यांत फारसा दिसत नाहीं.

हा विचार नगरांत दुसऱ्या वाटेनें आला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून तेथें काम करीत होतें. पुढें मिशननें औद्योगिक शाळा चालविली. ती मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवानें ओळखली जाई. ज्या गिरण्यांनीं विणकरांचा धंदा बसविला, त्यांच्याच एका धन्याचें नांव या शाळेला असावें, हा योग विलक्षण खरा. १८९९-१९०० च्या दुष्काळानें असंख्य मुलें पोरकीं झालीं आणि धंदेशिक्षणाची निकड अधिकच वाढली.

याच सुमारास डी. सी. चर्चिल नांवाचे अमेरिकन गृहस्थ नगरास आले. बोस्टनच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत, शिकलेले हे यंत्रज्ञ. त्यांनीं नगरच्या विणकरांसाठीं सुधारलेला हातमाग तयार करण्याचें मनावर घेतलें.

या कामांतील अडचण थोडी समजून घेतली पाहिजे. जुन्या मागावर विणकर एका हातानें धोटा फेंकतो, दुसऱ्या हातानें झेलतो आणि मग फणी ठोकतो. त्यामुळें कापडाचा पन्हा हाताच्या पल्ल्यापुरता आणि वेग हाताच्या चपळाईपुरता राहतो. इंग्लंडांत जॉन के यानें १७३३ सालीं धांवता धोटा काढला; दोरीला झटका देतांच धोटा या टोंकाहून त्या टोंकास जातो व एक हात मोकळा राहतो. युक्ति सोपी दिसते. पण काठाचा बाणा निराळ्या रंगाचा असलेलें लुगडें विणावयाचें, तर काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा वेगळा. तेथें एकच धांवता धोटा काय कामाचा? शिवाय वेग वाढला कीं कच्चें सूत तुटतें, आणि तुटलेला प्रत्येक धागा विणकराच्या रोजीला कात्री लावतो. विणकर नव्या मागाला नाखूष असे, तो अडाणीपणामुळें नव्हे. त्याच्या नाखुषीमागें हिशेब होता.

येथें पदवीधराला उमेदवार व्हावें लागतें. कोणता धागा कोठें तुटतो, पावडीवर पाय किती वेळ राहतो, हें कॉलेजच्या कागदावर लिहिलेलें नसतें. तें मागावर बसणाऱ्यालाच ठाऊक. उलट, एका गतीनें दुसरी गति आपोआप कशी साधावी, हें विणकराला कोणी शिकविलेलें नसतें. दोघांच्या विद्या एकत्र आल्या तरच माग सुधारतो. चर्चिल यांच्या मागाचा बोलबाला नगरबाहेरही झाला. पुढें स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं पत्नी एलिनॉर यांच्यासह १९२२ सालीं केंटकी राज्यांतील बेरिया गांवीं हातमागाचा कारखाना काढला. तो २००७ पर्यंत चालला. नगरांत घेतलेला अनुभव असा समुद्रापार जाऊन तेथील कामगारांच्या हातीं रुजला.

आपल्याकडे मात्र हात आणि पदवी यांच्या वाटा निराळ्याच राहिल्या. पुण्यांत १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो पुढें कॉलेज झाला. पण पदवी मिळाली म्हणजे हातोडा खालीं ठेवावयाचा, असा समज सुशिक्षित घरांत दृढ होता. ही दरी नगर जिल्ह्यांतच पुन्हां बुजूं लागली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना प्रवरानगर येथें उभा राहून १९५० सालीं गाळपास लागला. त्याच परिसरांत, लोणी येथें, १९८३ सालीं इंजिनियरिंग कॉलेज निघालें. साखर कारखाना ही उमेदवाराची उत्तम शाळा आहे. हंगाम संपला कीं यंत्रें उकलून त्यांची दुरुस्ती होते. वर्गांत ज्याचें चित्र पाहिलें, तें येथें तेलकट हातांनीं पुन्हां जुळवावें लागतें.

कायदाही मागून आला. १९६१ चा उमेदवारी कायदा १९७३ सालीं पदवीधर व पदविकाधारक इंजिनियरांना लागू झाला, आणि २०२० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या अभ्यासक्रमांतच उमेदवारी अंतर्भूत करण्याची मुभा दिली. कारखान्यांत घालविलेलीं सत्रें आतां पदवींत मोजतां येतात.

तथापि कायद्यानें केवळ दार उघडतें. उमेदवाराला स्वस्त मजूर समजून एकाच यंत्रापाशीं वर्षभर उभें केलें, तर ती १८५० च्या करारनाम्याचीच पुनरावृत्ति होय. त्याला शिकविणारा उस्ताद असावा, चुकण्यास अवसर असावा, आणि आपण केलेली चूक आपणच दुरुस्त करण्याची संधि असावी. बिघडलेलें यंत्र आपल्या हातानें पुन्हां चालूं झालेलें ज्यानें पाहिलें, त्याला धीटपणाचा उपदेश करावा लागत नाहीं.

मुलाला कोणत्या शाखेंत घालावें, याचा विचार आपल्या घरोघर चालतो. त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा: या शिक्षणांत त्याचा हात कोठें, कोणाजवळ आणि किती दिवस काम करणार आहे? उत्तर समाधानकारक असेल, तर पदवीबरोबर उमेदही घरीं येईल.