आत्मोद्धारपर वाङ्मय, दलितांचे

दास्यात पडलेल्यास स्वतःच्या उद्धारास प्रवृत्त करणारे लेखन. मराठीत त्याचा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीशी संबंध महात्मा फुले यांच्या गुलामगिरी (१८७३) या संवादरूप ग्रंथाने जोडला. मात्र ग्रंथाची अर्पणपत्रिका मुक्त झालेल्या गुलामांना उद्देशून नाही. त्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती उद्देशून आहे. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही फुल्यांची इच्छा तीत व्यक्त झाली. वरिष्ठ वर्गापुरती ती बव्हंशी फोलच ठरली.

विदर्भात किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी प्रामुख्याने अस्पृश्य वाचकांसाठीच लिहिले. निराश्रित हिंद नागरिक, चोखामेळा इ. पत्रे त्यांनी चालविली. ज्यांच्यासाठी ही पत्रे निघत, त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे लेखनाच्या जोडीने मुलींच्या शिक्षणाचे कार्यही त्यांनी नागपुरात हाती घेतले.

पुढे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे प्रयत्नच आदर्श ठरले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत द्यू बॉइस यांना पत्र लिहून, नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ (१९६६) या संघटनेवरूनच आपले नाव घेतले. तिच्या संस्थापकांत नामदेव ढसाळ, राजा ढाले यांसारखे लेखक होते.