शालेय संगीत व नाट्य (असोदा–जळगाव परिसर)

जळगाव शहराला जवळजवळ लागून असलेले असोदा (आसोदे) हे गाव आणि त्याभोवतीचा पूर्व खान्देश येथील माध्यमिक शाळांत, मुख्यतः आठवी ते दहावीच्या वर्गांत, चालणारे गायन, वादन व नाट्य यांचे शिक्षण आणि सादरीकरण. बाहेरच्या जगात हे गाव भरिताच्या वांग्यांसाठी जेवढे ओळखले जाते, तेवढेच कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर म्हणून. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईची गाणी आज पाठ्यपुस्तकांत आहेत आणि स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावरही. येथील शालेय संगीताचा विचार त्यामुळे वर्गातल्या तासिकेपासून सुरू केला, तरी तो गावातल्या जात्यापाशी आणि शेताच्या बांधावर जाऊन पोचतो.

वेळापत्रकातील स्थान : महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात गायन, वादन, नृत्य, नाट्य आणि चित्र-शिल्प हे सारे ‘कला’ या एकाच विषयात मोडतात. माध्यमिक स्तरावर या विषयाला गुण नसतात, श्रेणी मिळते. ज्या विषयाचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत त्याचे दहावीच्या वर्षात काय होते, हे कोणत्याही पालकाला सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर त्या तासिका गणित आणि विज्ञानाच्या उजळणीकडे वळतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. नववी-दहावी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय ‘कलाशिक्षक’ म्हणून नेमलेली व्यक्ती बहुतेक ठिकाणी चित्रकलेची असते. संगीत मग ज्याला पेटी येते त्याच्या वाट्याला जाते. कधी मराठीचे सर गावच्या भजनी मंडळात बसणारे असतात, कधी विज्ञानाच्या बाईंनी लहानपणी दोन-चार परीक्षा दिलेल्या असतात. शाळेतले संगीत टिकले आहे ते बरेचसे अशा माणसांच्या हौसेवर. त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली, की पेटी कपाटात जाते.

नियमित चालणारे गायन एकच, ते म्हणजे परिपाठाचे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना यांच्या जोडीला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज अशी त्याची मूळ घडण आहे. मूळचे खड्या शाहिरी आवाजाचे हे गीत शंभर-दीडशे मुलांकडून पेटीशिवाय म्हणवून घेणे सोपे नाही. वरच्या जागी अर्धी रांग गप्प होते. राज्यभर गायिली जाणारी विश्वप्रेमाची प्रार्थना साने गुरुजींची आहे, आणि गुरुजी १९२४ ते १९३० या काळात याच जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथे त्यांनी वसतिगृह सांभाळले आणि मुलांसाठी ‘विद्यार्थी’ हे नियतकालिक चालवले.

पट्टीचा प्रश्न : माध्यमिक वयातील समूहगीताची खरी अडचण निधीची नाही, आवाजाची आहे. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. मुलींना पेटीवरची काळी चार किंवा पाच सोयीची, तर आवाज उतरलेल्या मुलांना काळी एक-दोनच्या आसपास गावे लागते, आणि मधल्या अवस्थेतील मुलाला कोणतीच पट्टी आपली वाटत नाही. अनुभवी शिक्षक अशा वेळी धृपद एकत्र आणि कडवी वाटून देतात, किंवा आवाज फुटणाऱ्या मुलांच्या हाती ढोलकी, खंजिरी, टाळ देऊन त्यांना वर्षभर तालात गुंतवून ठेवतात. केरवा आणि भजनी ठेका हे आठ मात्रांचे, दादरा सहा मात्रांचा. एवढ्या तीन ठेक्यांवर शाळेची जवळजवळ सगळी गाणी निभावतात. या मुलांना ‘तुला गाता येत नाही’ असे सांगून मागच्या रांगेत उभे करणे ही जुनी खोड मात्र अजून गेलेली नाही.

परीक्षांचे संगीत : शास्त्रीय गायन-वादनाचे पद्धतशीर शिक्षण शाळेत नव्हे, खासगी वर्गांत होते आणि ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना जोडलेले असते. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि पुढे विशारद, अलंकार अशी ही चढण आहे. पाचवीत सुरुवात केलेला विद्यार्थी वर्षाला एक परीक्षा देत गेला, तर दहावीपर्यंत मध्यमेला पोचू शकतो. शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांतील प्रावीण्यासाठी दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद शासनाने केल्यापासून तबल्याच्या वर्गांकडे पालकांचा ओढा वाढला. गुणांसाठी का होईना, मूल तबल्याला बसते. पण गुण पदरात पडले की बरेचजण उठूनही जातात. असोद्यासारख्या गावातील मुलाला या वर्गांसाठी जळगाव गाठावे लागते. अंतर थोडे असले, तरी संध्याकाळच्या शिकवणीशी या वेळेची टक्कर होते.

बहिणाबाईंची गाणी : असोद्याच्या उखाजी महाजन यांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात सून म्हणून आल्या. लिहिता-वाचता येत नसल्याने त्यांची गाणी कामाच्या ओघात सुचत आणि ओठांवरच राहत. मुलगा, कवी सोपानदेव चौधरी आणि मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला.

शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही रचना मुळात गाण्याची आहे. तिचा बांधा घरोट्यावरच्या (जात्यावरच्या) ओवीचा. ती म्हणायला फार मोठी स्वरपट्टी लागत नाही, श्वास कामाच्या हालचालीबरोबर येतो, आणि ज्याचा आवाज फुटला आहे असा मुलगाही ती आपल्या पट्टीत म्हणू शकतो. प्रत्यक्षात मुलांच्या कानावर ती पोचली चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांतून. अनंत माने यांच्या ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटात वसंत पवार यांनी यांतील काही गाण्यांना चाली दिल्या. नंतर यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी गायिलेली गाणी घरोघर पोचली. या चाली सुंदर आहेतच. पण त्या कसलेल्या गळ्यांसाठी बांधल्या आहेत आणि चौदा वर्षांच्या मुलांनी त्यांची नक्कल केली की हरकती उरतात, शब्द जातात. ज्या गावात अजून एखाद्या आजीला ओवीचा जुना ढाळ आठवतो, तेथे तरी शाळेने तिला एखाद्या शनिवारी वर्गात बसवून मुलांना ती चाल ऐकवावी.

दुसरी गफलत भाषेची. बहिणाबाईंच्या गाण्यांना सर्रास अहिराणी म्हटले जाते. अहिराणी प्रामुख्याने धुळे, नंदुरबार आणि जळगावचा पश्चिम भाग येथे बोलली जाते. असोदा, भादली, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा समाजाची बोली वेगळी आहे आणि गाणी तिच्यात आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावरही हा घोळ असतो. गाणे बसवताना त्याहून मोठे नुकसान होते, कारण उच्चार ‘शुद्ध’ करून घेण्याच्या नादात यमके तुटतात आणि घरी तीच बोली सहज बोलणारी मुले मंचावर तिला परक्यासारखी हाताळतात.

परंपरेतील इतर गाणी : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई (गुलाबाई) मांडतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो. अंगण आणि ओटे कमी झाल्यावर ही परंपरा शाळांच्या आधाराने उभी राहिली. जळगावच्या केशवस्मृती प्रतिष्ठानच्या भुलाबाई महोत्सवात शाळांचे संघ उतरतात. स्पर्धेमुळे वेशभूषा आणि कवायत वाढली. खाऊ ओळखण्याची गंमत मात्र परीक्षकांच्या तक्त्यात बसत नाही. देवीच्या उपासनेशी जोडलेले, डफाच्या साथीने होणारे वहीगायन हे मुख्यतः मोठ्या पुरुषांचे, म्हणून शाळेत ते क्वचितच येते. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडतात आणि त्यामुळे शाळेच्या हाती कधीच लागत नाहीत.

नाट्य : शाळेत नाटकाची पहिली पायरी अजूनही नाट्यछटा हीच आहे. हा प्रकार मराठीत रुजवणारे ‘दिवाकर’ (शंकर काशीनाथ गर्गे, १८८९–१९३१) स्वतः पुण्यात शाळाशिक्षक होते. एकच पात्र, नेपथ्य नाही आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलणे, एवढ्यावर ती उभी राहते. ज्या शाळेकडे ना सभागृह ना पैसा, तिला याहून सोयीचे काय असणार? मराठी बालरंगभूमीला स्वतंत्र रूप आले ते सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रंगमंचावर आणलेल्या रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’पासून. पुढे मतकरींच्या नाटकांतील राक्षस आणि चेटकिणी गावोगावच्या शाळांत पोचल्या. माध्यमिक वयाच्या मुलांसाठी मात्र संहितांची चणचण कायम आहे. परीकथा त्यांना लहान वाटतात आणि मोठ्यांच्या एकांकिका झेपत नाहीत. म्हणून पर्यावरण, व्यसनमुक्ती, मुलगी वाचवा या विषयांवरची प्रबोधनपर नाटुकली वर्षानुवर्षे फिरत राहतात. त्यांत पात्रे नसतात, घोषणा असतात.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या जळगाव केंद्रावरही होतात. त्यात उतरायचे तर लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. गावच्या शाळेला तालमीपेक्षा हे कागद जड जातात आणि शहरातील शाळा व हौशी संस्था पुढे निघून जातात. केंद्र शासनाने २०१५ मध्ये नववी ते बारावीसाठी सुरू केलेल्या कला उत्सवात संगीत, नृत्य, दृश्यकला यांबरोबर नाट्यालाही जागा आहे.

खरी नाट्यशाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले स्नेहसंमेलन, म्हणजेच गॅदरिंग. मैदानात मंडप, दोन-तीन टांगते माईक, भाड्याने आणलेली वेशभूषा आणि समोर अख्खे गाव. माईक आवाज पकडेल याची खात्री नसल्याने मुले प्रेक्षकांकडे तोंड करून एका पट्टीत ओरडून बोलतात. सहकलाकाराकडे पाहणे त्यामुळे राहूनच जाते. पूर्वी पेटी-तबल्यावर होणारी गाणी आता पेनड्राइव्हमधल्या ट्रॅकवर होतात आणि यूट्यूबवरून गाजलेल्या अहिराणी गाण्यांवरचे नाच सर्वांत जास्त टाळ्या घेतात. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या भागातल्या बोलीला मंचावर टाळ्या मिळतात हे मुलांना त्या नाचांतून प्रथम कळते. घरच्या बोलीत एखादे नाटक लिहून घेण्याचे धाडस शाळांनी अजून फारसे केलेले नाही, आणि विनोदी नोकराचे पात्र वगळता बोली संवादांत येत नाही.

पूर्वपरंपरा : शालेय वयातील मुलाने जाणत्यांसमोर उभे राहण्याची दोन मोठी उदाहरणे या परिसराला आहेत. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटल्या, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. अध्यक्ष कीर्तिकर यांनी तेथेच त्यांना ‘बालकवी’ म्हटले. त्याआधी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले. शहरातील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि दर वर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो.

दहावीनंतर : ही आवड पुढे नेऊ इच्छिणाऱ्याला जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारख्या ठिकाणी वाट मिळते. विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव म्हणजे या भागातील नट-गायकांची पुढची चाळणी. २०१८ पासून त्या विद्यापीठाचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे आहे. शहरातील ‘परिवर्तन’सारख्या हौशी संस्था महाविद्यालयीन मुलांना तालमीत घेतात. मात्र जी मुले-मुली दहावीनंतर आयटीआय, शेती किंवा संसार यांकडे वळतात, त्यांच्यासाठी भजनी मंडळ, गणेशोत्सव आणि लग्नातील गाणी एवढाच मंच राहतो. आणि गॅदरिंगला ढोलकी वाजवलेली मुले पुढे तेथेच वाजवताना दिसतात.