पिकअपला सावलीचं पाल : विकत घ्यावं की बांधून घ्यावं?

धावडा (ता. भोकरदन) : धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई हा पट्टा हिरव्या मिरचीचा. भर उन्हाळ्यात लागवड आणि पावसाच्या तोंडावर पहिले तोडे, असं इथलं गणित. तोडलेली मिरची बांधावर पोत्यात भरून पिकअपची वाट बघत उभी राहते, नाहीतर पिकअप मिरचीची वाट बघतो. या दोन-तीन तासांत हिरवा माल उन्हात सुकतो आणि काट्यावर वजन कमी भरतं. तोडणाऱ्या बायामाणसांनाही बसायला झाड सापडेलच असं नाही. आठवडी बाजारात गाडी उभी करून टरबूज, कांदा, टोमॅटो विकणाऱ्यांची तीच गत, आषाढीला पायी दिंडीबरोबर सामानाचा टेम्पो घेऊन जाणाऱ्यांचीही तीच.

परदेशात पिकअपच्या हौद्यावर झोपायची खोली बसवून हिंडतात आणि तिच्या बाजूला गुंडाळता येणारं छत लावतात. आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की डबल केबिनची बोलेरो कॅम्पर, आणि छत म्हटलं की बाजारातलं पाल. काम एकच आहे. गाडीचा आधार घ्यायचा, एका बाजूला सावली काढायची आणि निघताना पाच मिनिटांत गुंडाळून टाकायची.

आधी गाडी कुठं तोंड करून उभी करायची ते बघा

पाल कितीही भारी घेतलं आणि चुकीच्या बाजूला लावलं तर सावली शेजारच्याच्या मालावर पडते. आपल्या भागात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. त्या वेळी पालाची सावली बरोबर पालाखाली. पण दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य इतका कलतो, की ७ फूट उंचीवरच्या पालाची सावली ७ फूट पूर्वेकडे सरकते. पाल गाडीच्या पश्चिम बाजूला असेल तर तोवर पालाखाली सगळं ऊनच, सावली गाडीत जाऊन पडलेली.

म्हणून दिवसभर थांबायचं असेल तर गाडी उत्तर-दक्षिण उभी करावी आणि पाल पूर्वेच्या अंगाला काढावं. दुपारनंतर गाडीची स्वतःचीच सावली त्याच बाजूला पडते, पाल आणि गाडी मिळून जागा झाकतात. सकाळी दहापर्यंत पूर्वेचं तिरपं ऊन आत येतं, त्याला बाहेरच्या कडेला एक जुनं लुगडं किंवा शेडनेटचा तुकडा लटकवला की भागतं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तरेची बाजू चांगली. गाडीच्या एकाच बाजूला पाल कायमचं बसवणार असाल तर रोजची उभं राहायची जागा आधी डोळ्यासमोर आणा. बाजारात गाडी हवी तशी वळवता येत नाही.

ताडपत्री की शेडनेट?

उन्हासाठी शेडनेट आणि पावसासाठी ताडपत्री, इतकं साधं आहे. शेडनेटवर ३५, ५०, ७५, ९० असे टक्के असतात, ते किती ऊन अडतं त्याचे. माणसं बसवायची असतील तर ७५ च्या खाली जाऊ नये. जाळीतून गरम हवा वर निघून जाते आणि वारा थोडाफार आरपार जातो, त्यामुळं ओढ कमी बसते. पाऊस मात्र ती अडवत नाही.

ताडपत्री घेताना जाडी बघायची ती जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. पालासाठी २०० च्या आसपासची घ्यावी. हलकी स्वस्त पडते, पण रोजच्या उघडझाकीत आणि उन्हात तिचे धागे लवकर सुटतात. दुकानात छापील आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा घडी काट्यावर ठेवून बघा. १२ बाय १५ फुटांची म्हणजे १८० चौरस फूट, पावणेसतरा चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर वजन साडेतीन किलोच्या जवळ जायला पाहिजे. अडीच किलोच भरली तर आकडा नुसता छापलेला आहे. कडेला आतून दोरी शिवलेली आहे का आणि डोळे (दोरी ओवायच्या कड्या) दीड-दोन हातांवर आहेत का, तेही बघावं.

रंगाचं गिऱ्हाईकाशी नातं आहे. निळ्या ताडपत्रीखाली लाल टोमॅटो काळपट दिसतो आणि हिरव्या जाळीखाली पिवळी पडलेली मिरचीही हिरवी वाटते. घरी गेल्यावर गिऱ्हाईक शिव्या घालतं. पांढरी किंवा चंदेरी बाजू वर केली की ऊन परतवलं जातं. काळी, गडद ताडपत्री स्वतः तापते आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर तीच धग सोडते.

सगळ्यात चांगलं काम दोन थरांचं होतं. वर शेडनेट, खाली वीतभर अंतर सोडून ताडपत्री. मधून हवा खेळते आणि खालचा थर तापत नाही. मिरचीच्या पोत्यांवर मात्र ताडपत्री अंगाला चिकटवून टाकू नये, माल आतल्या आत तापतो.

तयार, सुटं की बिजागरीचं?

तयार मालात बाजारची मोठी छत्री आणि घडीचा १० बाय १० चा तंबू मिळतो. गाडीला बसवायची गुंडाळी छतंही मिळतात, पण ती हौसेच्या गाड्यांसाठी बनवलेली आणि महाग. मोडलेला भाग इकडं मिळणार नाही, म्हणून शेतमालाच्या गाडीला ती घेऊ नयेत. घडीचा तंबू गाडीशिवायही उभा राहतो हा फायदा, पण त्याच्या पायांचे पातळ सांधे वाऱ्यात वाकतात.

सुटं पाल सगळ्यात स्वस्त. गाडीच्या हूडच्या पाइपाला ताडपत्रीची एक कड बांधायची, बाहेरच्या दोन कोपऱ्यांना दोन बांबू आणि प्रत्येक बांबूला दोन दिशांना दोन ताण. हौद्याची नुसती बाजू जमिनीपासून जेमतेम साडेचार फूट भरते, तिला बांधलं तर माणूस वाकूनच चालणार. हूड नसेल तर हौद्याच्या दोन कोपऱ्यांत उभे पाइप लागतात. गाडीच्या अंगाला ८ फूट आणि बाहेरच्या कडेला साडेसहा फूट असा उतार ठेवावा. ८ बाय १० चं पाल सपाट बांधलं आणि १० मिलिमीटर पाऊस त्यावर साचला तर ते ७४ लिटर पाणी झालं. बांबू टिकला तरी ताडपत्रीचे डोळे राहत नाहीत.

बिजागरीची चौकट रोज उघडझाक करणाऱ्यांना परवडते. पाव तासाचं काम दोन मिनिटांवर येतं. पण इथं बरेचजण मापात फसतात. चौकट गाडीच्या बाजूला खाली लोंबवायची असेल तर बिजागरीच्या उंचीतून अडीच फूट वजा करा, तेवढीच रुंदी मिळते. ७ फुटांवर बिजागरी असेल तर साडेचार फूट. शिवाय लोंबणारी चौकट बाजूचे दिवे, रिफ्लेक्टर झाकते. हूडवर उलटी दुमडायची असेल तर रुंदी गाडीच्या रुंदीएवढीच, पिकअपला साधारण साडेपाच फूट. ८ फूट सावली पाहिजे असेल तर चौकटीच्या बाहेरच्या कडेला सुटं कापड जोडूनच ती मिळते.

९ बाय ५ ची चौकट, मधे एक आडवा आणि दोन पाय मिळून ४६ फूट चौकोनी पाइप लागतो, म्हणजे २० फुटी ३ नग. १ इंची पाइप १६ गेजचा घेतला तर १६-१७ किलो, १८ गेजचा घेतला तर १२-१३ किलो. एकट्या माणसाला उचलायचं असेल तर १८ गेज बरा, फक्त बिजागरीच्या जागी जाड पट्टी मारून घ्यावी, पाइप फाटतो तो तिथंच. वेल्डिंगवाल्याला दर विचारताना किलोवर विचारा आणि काम झाल्यावर वजन करून घ्या. गाडीवर वेल्डिंग मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावायची. आताच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स भरपूर आहे, ते उडालं तर पालापेक्षा दुरुस्ती महाग पडते. चासीला टाका मारू देऊ नये.

वेल्डिंगपेक्षा यू-बोल्ट आणि क्लॅम्पवर बसणारी, काढता येणारी चौकट बरी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या आणि कंपनीच्या मापांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पक्कं काम करायचं असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. चालत्या गाडीच्या बाहेर काहीही येता कामा नये, आणि पाल आहे म्हणून मालाच्या हौद्यात माणसं भरायची परवानगी मिळत नाही.

वाऱ्याचा हिशोब

मे महिन्यात दुपारी आभाळ भरतं, आधी वावटळ येते आणि मग पाऊस. ताशी ३६ किलोमीटरचा वारा थेट कापडावर आला तर एका चौरस मीटरला साधारण ६ किलो जोर बसतो. ८ बाय १० च्या पालाला ४५ किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे १८० किलो. डांबरी रस्त्यावर मेख ठोकता येत नाही म्हणून बांबूला २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन बांधतात, ते झाले ४० किलो. बांबूसकट उडालेलं पाल कुणाच्या लेकराच्या तोंडावर जाऊ शकतं.

मातीत मेख ठोकायची ती डोकं पालापासून लांब कलवून. दोरी आणि डोळा यांच्यामधे मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. वाऱ्याचा झटका ट्यूब खाते, डोळा फाटत नाही. डोळा फाटलाच तर त्या जागी ताडपत्रीत गुळगुळीत गोटा धरायचा, त्याच्याभोवती कापडावरूनच दोरी आवळायची. शिवणापेक्षा हे पक्कं बसतं. गाडीकडची एक दोरी सुटक्या गाठीनं बांधलेली असावी, ओढली की सुटणारी. वारा उठला की माल नंतर, आधी पाल खाली.

वीज कडाडायला लागली की पालाखाली थांबू नये. काचा बंद केलेल्या पत्र्याच्या केबिनमधे बसलेला माणूस त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. शेतावरून गेलेल्या वीजतारांखाली तर गाडी लावूच नये. लोखंडी पाय उभा करताना तो आधी आडवा वर जातो आणि उचलणाऱ्याचं लक्ष तारेकडं नसतं. दिंडीत पालाखाली चूल किंवा गॅस पेटवतात, तेही लांब ठेवावं. प्लास्टिकची ताडपत्री पेटली की जळते थेंब खाली पडतात.

संध्याकाळी निघताना ओली ताडपत्री तशीच गुंडाळून हौद्यात टाकू नका, दुसऱ्या दिवशी ती वास मारते आणि घड्यांवर चिकटते. घरी वलणीवर टाकून वाळवावी. धान्याच्या पोत्यांजवळ ठेवली तर उंदीर घडीच्या कडेनंच कुरतडतो आणि उलगडल्यावर एका ओळीत आठ-दहा भोकं निघतात, म्हणून टांगून ठेवावी.