हसवणारा तोच, रडवणारा तोच

पंडितकवी मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा. बारामतीला ते बाबूजी नाईकांचे पुराणिक म्हणून आले आणि १७९४ साली निधन होईपर्यंत आयुष्याची चार दशकं त्यांनी या कऱ्हाकाठच्या गावात काढली. महाभारत आर्यांत आणणाऱ्या या पंडिताचं काव्य जुन्या मराठीतलं सर्वांत संस्कृतप्रचुर काव्य मानलं जातं. तरीही त्यांच्या आर्या गावोगावच्या लोकांच्या कानांवर पडल्या, आणि त्या पोचवणारा माणूस तमाशाच्या फडावरून आलेला होता. तो माणूस म्हणजे सोलापूरचे राम जोशी. ते पुराणिक-कीर्तनकारांच्या घरातले. त्यांचे भाऊ मुद्गल जोशी शास्त्री म्हणून नावाजलेले. रामला मात्र लावणीचा नाद लागला. त्यांनी लावण्या रचल्या, फडावर उभं राहून म्हटल्या, आणि त्यापायी घर सोडावं लागलं. पुढे ते कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनात रंगवून रंगवून सांगितल्या. मोरोपंतांनी त्यांना ‘कविप्रवर’ म्हणून गौरवलं, असं परंपरा सांगते. १९४७ साली आलेल्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटात जयराम शिलेदारांनी त्यांची भूमिका केली आणि हे नाव पुन्हा घराघरांत गेलं.

आज लोक राम जोशींना कवी म्हणून ओळखतात. त्यांच्यातल्या रंगकर्मीकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. फडावर थट्टामस्करीने माणसं खिळवून ठेवणारा माणूस कीर्तनाच्या उत्तररंगात त्याच माणसांच्या डोळ्यांत पाणी आणतो, हे वरवर वाटतं तितकं सोपं नाही. बारामती-इंदापूर पट्ट्याला या कौशल्याची पारख जुनी आहे. त्या कौशल्यावर पोट भरणारा एक पेशाही या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या पोसला, तो म्हणजे तमाशातला विनोदी नट, सोंगाड्या.

पोसायला पैसा लागतो. तो आला निरेच्या पाण्यातून. १८७६-७७ च्या दुष्काळात निरेच्या डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून हाती घेतलं गेलं आणि १८८५ मध्ये कालवा वाहू लागला. कालव्याखालच्या गावांत ऊस उभा राहिला, गूळ बारामतीच्या पेठेत येऊ लागला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने आले. सुपे-मोरगावचा जिरायती भाग मात्र पावसाकडे बघतच राहिला. पण बागायत असो की जिरायत, गावची जत्रा चुकत नसे आणि जत्रेला तमाशा लागेच. फडांचा हंगाम दसरा-दिवाळीपासून वैशाखापर्यंत. कारखान्यांचं गाळपही बहुतेक याच महिन्यांत चालतं. म्हणजे उसाच्या गाड्या आणि तमाशाच्या गाड्या एकाच काळात एकाच रस्त्यांवर असत. पुणे जिल्ह्यातच नारायणगाव हे फडांचं ठाणं. तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांचे कारभारी येऊन सुपारी ठरवतात.

जत्रेचा क्रम ठरलेला. पालखी, छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे रात्रभर नाचून-गाऊन थकलेल्या फडाने उजाडल्यावर देवापुढे किंवा चावडीपुढे पुन्हा उभं राहायचं. रात्री लांब बसलेली म्हातारी माणसं हजेरीला जवळ येऊन बसत. त्यामुळे सोंगाड्याचा खरा कस भर उन्हात, दिव्याबत्तीशिवाय लागे.

त्याचं काम समजून घ्यायचं तर तमाशाची रात्र समजून घ्यावी लागते. सुरुवात गणाने. मग गौळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची पुरुषानेच रंगवलेली मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. सोंगाड्या बहुधा पेंद्या होतो, कधी मावशी. त्यानंतर बतावणी, म्हणजे दोघांची जुगलबंदी. एक शहाणा, एक वेडा, आणि वेड्याच्या तोंडून गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत सगळ्यांची हजामत. मग लावण्यांची रंगबाजी. आणि मध्यरात्र उलटली की वग.

वग म्हणजे कथानाट्य. राजाराणीचं, बंडखोरांचं, सासुरवाशिणीचं, कधी अगदी ताज्या खुनाचं. जुन्या फडांत वगाचा लेखी मजकूर क्वचितच असे. फडाचा सरदार प्रसंग सांगून ठेवी आणि संवाद नटांनी जागेवर रचायचे. फडातली माणसं मोजकी असल्यामुळे मघाशी पेंद्या झालेला माणूस आता म्हातारा बाप, राजाचा शिपाई किंवा फितूर कारभारी होई. कमरेचं उपरणं डोक्याला गुंडाळलं की पात्र बदललं. चेहऱ्यावरचा रंग तोच, समोरचे प्रेक्षकही तेच. तासाभरापूर्वी ज्याच्या नुसत्या चालण्यावर लोक लोळले, त्याच्याच तोंडून लेकीच्या मरणाची बातमी त्यांनी खरी मानायची.

ती बातमी लोक खरी मानत, याचं एक कारण नटाच्या तालमीत आहे. विनोदाची वेळ साधणारा माणूस थांबायला शिकलेला असतो. वाक्य टाकून ढोलकीच्या थापेला जागा द्यायची, लोकांचा श्वास ऐकायचा, मग पुढचं वाक्य. शोकाच्या प्रसंगाला हीच सवय उपयोगी पडते. दुसरं कारण प्रेक्षकांत आहे. हसवणाऱ्याशी माणसांचं नातं आधीच जडलेलं असतं. राजा परका वाटतो, सोंगाड्या आपल्या आळीतला वाटतो. त्याच्यावर घाला पडला की तो आपल्यावर पडला, असं वाटतं. शिवाय हा प्रेक्षक दर आषाढात तयार होत आलेला आहे. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होतं. वाटेवरच्या मुक्कामांत भारूड सादर करणारा असाच विचित्र वेश करून आधी हसवतो आणि शेवटी अंतर्मुख करतो. पंढरीच्या वाटेवरच्या या गावांना एकाच माणसाची दोन्ही रूपं पाहायची सवय घरातूनच मिळत आली.

पुणे जिल्ह्याने या पेशाला दिलेलं मोठं नाव म्हणजे मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात शापाने गाढव झालेला गंधर्व एका कुंभाराच्या घरी येतो. दादूंनी तो सावळ्या कुंभार असा उभा केला की वगही त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. इथे सोंगाड्या राजाच्या मागे चालणारा नोकर उरला नाही. तोच नायक झाला. त्याची गरिबी, बायको गंगीशी रोजची भांडणं, देवादिकांपुढेही न दबणारी जीभ, या सगळ्यांवर वग पेलला गेला. संगीत नाटक अकादमीने त्यांचा पुरस्कार देऊन सन्मान केला. १९८० साली ते गेले.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या भूमिकांनी गाजले. लोक त्यांची खरी नावं विसरले. नावातच विष असलेल्या या नाट्यात दोन विनोदी हवालदार सगळ्यांत लाडके ठरावेत, यातच वगाची रीत दिसते.

शहरी रंगभूमीवरही असे नट झाले. गणपतराव बोडस गंधर्व नाटक मंडळीत ‘संशयकल्लोळ’मधला संशयी फाल्गुनराव करत आणि १९१९ साली बडोद्याला ‘एकच प्याला’ पहिल्यांदा रंगमंचावर आला तेव्हा दारूपायी घराची राख करणारा सुधाकरही त्यांनीच केला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या जोडीचं कौतुक वारंवार होतं आणि ते योग्यच आहे. पण बोडसांना दोन भूमिकांसाठी दोन नाटकं मिळाली, हाती लेखकाने लिहिलेली संहिता मिळाली. सोंगाड्या हेच एका रात्रीत करी, तोंडी करी. तमाशातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. रात्री ज्यांच्या अभिनयावर गाव डोलायचं, त्यांना दिवसा त्याच गावात पाणवठा वेगळा असे. त्यांच्या कलेची चरित्रं लिहिली गेली नाहीत, कारण लिहिणाऱ्यांनी त्यांना नट मानलंच नव्हतं. हा अन्याय स्पष्ट शब्दांत नोंदवला पाहिजे.

फडाची ही शाळा पुढे नव्या वाटेने पांढरपेशा रंगभूमीत आणि चित्रपटात पोचली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले निळू फुले ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यात राम नगरकरांसोबत लोकांना हसवत होते. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’त ते झेलेअण्णा झाले. १९७२ मध्ये त्यांनी तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ केला आणि मग ‘सामना’. दौंडला डॉक्टरकी करणाऱ्या जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, तेंडुलकरांचंच लेखन, आणि निळूभाऊंचा हिंदुराव पाटील म्हणजे कारखाना मुठीत असलेला साखरसम्राट. १९७५ साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत दाखल झाला. दौंड, बारामती, इंदापूरच्या प्रेक्षकाला हिंदुरावाची ओळख करून द्यावी लागली नसणार. पात्र ओळखीचं असलं की नटाची परीक्षा अधिक कडक होते. निळूभाऊ तिला उतरले ते बतावणीत घोटलेल्या त्या थांबण्याच्या बळावर. हिंदुराव ओरडत नाही. तो वाक्य अर्धवट सोडतो, समोरच्याकडे पाहतो आणि भीती वाटते. हे त्यांना लोकनाट्याने शिकवलं.

वगाची पडझड एकाएकी झाली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा मजकूर तपासून घेण्याची अट आली आणि तोंडी रचनेला पहिला लगाम बसला. पुढे चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा फडात शिरला, गौळण-बतावणी आखडली, दूरचित्रवाणी आली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई केली. मध्यरात्री सुरू होणाऱ्या वगाचं त्यात काय व्हायचं, याचा विचार झालाच नाही. नियमाचा हेतू चांगला होता, पण फडाचा सर्वांत मोलाचा भाग त्याने कापून टाकला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्राच झाल्या नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी तमाशा म्हणजे दोन-तीन तासांचा गाण्यांचा कार्यक्रम. त्यात हसवणारा असतो. पण त्याला रडवायची संधीच मिळत नाही, आणि जे कौशल्य वापरायला मिळत नाही ते पुढच्या पिढीला शिकवायलाही कोणी उरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो गावांच्या हातात आहे. वगासाठी लागणारे नट अजून फडांत आहेत, कमी असले तरी आहेत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जत्रा कमिट्यांनी सुपारी देतानाच पूर्ण वगाची अट घालावी. तमाशा संध्याकाळी सातला सुरू करावा म्हणजे वगही दहाच्या आत बसेल. हजेरी दिवसा असते, तिला तर वेळेचं बंधनही नाही. निदान हजेरीला तरी गाण्यांऐवजी वगातला एखादा प्रवेश मागावा, आणि गावातल्या शाळकरी मुलांना पुढच्या रांगेत बसवावं.